प्लॉट सी आपलाच आहे

चि. स्नेहलला,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारत नाही. आई म्हणते रेंजच गेली. "आबा, तुम्ही पीएचडीच्या व्हायवाला येऊ नका" एवढं ऐकू आलं, पुढचं नाही. म्हणून लिहायला बसलो. कागदावर बोललं की मध्ये कुणी तोडत नाही.

आधी कामाचं. दाजींच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना मी विचारून घेतलं. ते म्हणाले, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल चांगले आल्याशिवाय तारीखच लागत नाही, तेव्हा पोरीला सांगा घाबरू नको. व्हायवा, म्हणजे ही तोंडी परीक्षा, उघडी असते, विभागातले इतर लोकही बसतात, प्रश्न विचारतात. शेवटी उमेदवाराला बाहेर पाठवतात, आत बोलणं होतं, मग बोलावून निकाल सांगतात. हे तुला ठाऊकच असणार. पण जाता जाता ते म्हणाले, "मी परीक्षक असताना मजकूर नंतर वाचायचो, आधी तक्ते बघायचो." हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

कारण तुझा प्रबंध मी वाचलाय. वाचलाय म्हणजे, ओंकारला शेजारी बसवून त्याच्याकडून समजून घेतलाय. मालकाचं नाव कुठं नसलं तरी चौथ्या प्रकरणातला प्लॉट सी कुणाचा हे मला सांगायला नको. निचऱ्याचे पाइप टाकायच्या आधी ईसी, म्हणजे मातीतल्या खारटपणाचं माप, साडेआठ. 2021 च्या उन्हाळ्यात साडेतीन. आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा सहाच्या वर. चारच्या पुढं गेली की जमीन क्षारपड, हे तूच मला शिकवलंस. दिवाळीत तू आणलेल्या कच्च्या प्रतीत त्या शेवटच्या आकड्यावर अख्खं पान होतं. बांधून आलेल्या प्रतीत एक ओळ उरलीय. ओंकारने अर्थ सांगितला: काही प्लॉटमध्ये थोडी वाढ दिसते.

काही प्लॉट नव्हेत गं. एकच. आणि थोडी नव्हे.

हा विषय मी काढणार नव्हतो. आई म्हणाली होती, तब्येतीचं लिहा, जेवणाचं लिहा. तर ते लिहितो. रात्री जागू नकोस. चहावर दिवस काढू नकोस. पेनड्राइव्ह दोन ठेव, शिवाय मेलवरही टाकून ठेव. प्रश्न पुरा ऐकून घे, मधेच उत्तर द्यायची तुला सवय आहे, ती माझी आहे. येत नसेल तर येत नाही म्हण, गोल गोल फिरवू नकोस, फिरवलेलं समोरच्याला लगेच कळतं... बघ, झालं माझं सुरू. जुनी मॅट्रिक झालेला माणूस पीएचडीवालीला शिकवतोय. राग मानू नकोस.

लहान असताना तू आपल्या शेतातलं ते पांढरं चाटून बघितलं होतंस, आठवतं? घरात मीठ संपलं होतं आणि रानात एवढं पडलंय म्हणून मूठभर आणलंस. दिवसभर ओकत होतीस. आक्का म्हणाली, पोरीला बाधा झाली, नरसोबाच्या वाडीला नेऊन आणा. त्याच रानातली माती पुढं तू पिशव्यांत भरून नेशील, एक फुटाची वेगळी, दोन फुटांची वेगळी, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. 2021 च्या जुलैत पाणी वाढत होतं तेव्हा आई पिठाचे डबे माळ्यावर चढवत होती आणि तू तुझ्या मातीच्या पिशव्या. किती बोलली ती तुला! मी काही बोललो नाही. मला बरं वाटलं होतं. हे आजवर सांगितलं नव्हतं.

आता पुन्हा तेच. पाइप टाका असं तू एमएस्सीला असताना म्हणालीस, सोसायटीचं कर्ज मी काढलं, हे खरं. एकरी पंधरा टनांवर आलेला ऊस पुढं चाळीसला गेला, हेही खरं. मग महापुरात ओढा गाळाने भरला, पाइपाचं तोंड गाळाखाली गेलं. पाण्यानं जायचं कुठं? ते रानातच थांबलं, उन्हाळ्यात वर चढलं, वाळलं आणि मीठ ठेवून गेलं. यात तुझं काय चुकलं? पाइप चार फुटांवर नीट बसलेत, जाळी शाबूत आहे, आपण दोघांनी उकरून बघितलंय. आपल्या एकट्याच्या रानात कितीही पाइप घाला, खालचा ओढा सगळ्यांनी मिळून उपसल्याशिवाय निचरा होत नाही. भावकीला मी हे सांगून थकलो. शिरोळ तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याला उद्या कर्ज काढून पाइप टाकायचेत, त्याच्या उपयोगाचं तुझ्या प्रबंधात तेच पान होतं, आणि नेमकं तेच तू काढलंस. आबांचे पैसे गेले असं चारचौघांत दिसू नये म्हणून काढलंस, असा माझा अंदाज आहे. म्हणूनच मला येऊ नका म्हणतेस, होय ना?

आणि कुणी विचारलंच, हे शेत कुणाचं, तर माझ्या वडिलांचं म्हणून सांग. परीक्षकांना नंतर दुसऱ्याकडून कळलं तर साडेतीनच्या आकड्यावरसुद्धा शंका घेतील. माझी झोप त्यानं जाते, कर्जानं नाही. कर्जाचा या सालचा हप्ता खोडव्याच्या बिलातून गेला.

तुझ्या मॅडमांना एकदा विचारून घे. छापलेलं आता बदलता येत नसेल, पण तोंडानं सांगायला कोण अडवतंय?

त्या दिवशी मी कोल्हापूरला येणार आहे. सोसायटीचं काम वगैरे सांगत नाही, तुझ्यासाठीच येणार आहे. सकाळच्या एसटीने निघेन, विभागाच्या बाहेर थांबेन. आत बोलवायचं की नाही ते तू ठरव. बोलवलं नाहीस तर रागावणार नाही. बहुतेक रागावणार नाही.

तुझे,
आबा

ता. क. आई विचारते, परीक्षकांचं जेवण विभागाकडून असतं की आपण बघायचं? तसं कळव, म्हणजे ती धपाटी किती करायची ते ठरवेल. आणि ओंकारकडे तू स्लाइड तपासायला पाठवल्या आहेस, त्यात प्लॉट सीचा तक्ता पार शेवटी, आभाराच्या आधी आहे. तो पुढं घे.