अंग ओलं असतानाच तेल लाव

अमरावती
१८ डिसेंबर

प्रिय गजू,

काकांच्या टाचा, वहिनींचे हात, तुझ्या उललेल्या नडग्या अन् पोट्ट्याचे गाल, सगळं एकाच पत्रात विचारलंस आणि वर ‘एखादी चांगली क्रीम सांग’ म्हणतोस. क्रीम सांगतो, पण आधी न्हाणी बघ. अर्धं दुखणं तिथंच तयार होतं.

कातडीच्या वरच्या थरात पेशींमधल्या जागा स्निग्धतेनं भरलेल्या असतात. ती शाबूत असली की आतलं पाणी आत राहतं. हिवाळ्याची कोरडी हवा पाणी ओढते, आणि चुलीवरचं कढत पाणी अन् साबण मिळून ती स्निग्धताच धुऊन नेतात. म्हणून कढत पाण्यानं न्हाताना बरं वाटतं आणि मागाहून खाज सुटते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल एवढंच ठेव, पाच-दहा मिनिटांत आटप. साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यालाच. नडग्यांना अन् दंडांना रोज लागत नाही. कपड्याची वडी अंगाला लावायची तुझी सवय मात्र मोडच.

त्यात तुमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी घासतो आणि साबणाचा चिकट थर कातडीवर राहतो. उकळल्यावर भांड्याच्या बुडाशी पांढरं बसतं तेवढा जडपणा जातो, खार तसाच राहतो. गोडं पाणी साठवलेलं असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घे. मेडिकलमध्ये ‘सिंडेट बार’ मागितलास तर तो साबण नसतो, जड पाण्यात त्याचा थर बसत नाही. जरा महाग पडतो, पण सगळ्यांना नको, पोट्ट्यापुरता आण.

आता मुख्य गोष्ट. पंच्यानं अंग टिप, घासू नको, आणि ते दमट असतानाच, तीनेक मिनिटांत, तेल किंवा मलम लाव. तेल कातडीला पाणी देत नाही, आहे ते कोंडून ठेवतं. दुपारी खडखडीत अंगावर चोळलेलं तेल म्हणूनच वाया जातं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा बाटली न्हाण्याच्या पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेव. मोहरीचं तेल नाजूक कातडीला झोंबतं, ते नको. जवसाचं चटणीवर घे. सगळ्यात भरवशाची बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागतं, त्यामुळे सुवासिक क्रीमची २० ग्रॅमची नळी महिनाभर पुरवणं म्हणजे कातडीला नुसता वास दाखवणं. मोठा डबा घे. सुवासानंच पुष्कळांना पुरळ येतं, म्हणून नवं काहीही पोट्ट्याच्या गालाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघ. निव्वळ ग्लिसरीन लावू नको. एक भागाला तीन भाग पाणी घाल, वरून तेलाचा हात फिरव.

वहिनींचं दुखणं वेगळं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांच्या पेरांना ओरबाडतात आणि त्याच हातांनी सांजच्याला भांडी होतात. वेचणीला निघताना तेल लावलं तर कापसाला डाग पडतात, म्हणून लावायचं ते रात्री: हात कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून टिपायचे, जाडसर जेली लावायची, वर जुने सुती मोजे चढवून झोपायचं. शेतात बोटांना सुती चिंधी गुंडाळली तरी पुष्कळ वाचतं. आणि चिरलेल्या हातांनी तुरीवर फवारणी कोणीच करू नका. फाटक्या कातडीतून औषध लवकर आत जातं. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते तू विसरला नसशील.

टाच फुटते ती जाड झाल्यामुळे. जाड कातडी ताणत नाही, अंगाचा भार पडला की टाच पसरते आणि कातडी चिरते. मागून उघडी चप्पल त्यात भर घालते. आठवड्यातून दोनदा पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून ओल्या टाचेवर वजरी हलकेच फिरवायची. कोरड्यावर खरवडलं तर भेग खोल जाते. मग १० टक्के युरियाची क्रीम. (मेडिकलमधली, पोत्यातला युरिया कालवून नव्हे. तुझं डोकं तिकडे धावेल म्हणून लिहितो.) भेग उघडी असेल तर ही क्रीम आग करते, तेव्हा ती भरेपर्यंत नुसती जेली आणि मोजे. भेगेत मेण किंवा फेविक्विक भरायचं नाही, आत घाण कोंडते. काकांची साखर तपासली आहे का? नसेल तर आधी ती तपासा. साखर असलेल्याच्या पायाला पाणी किती गरम आहे ते कळेलच असं नाही, म्हणून पाणी दुसऱ्यानं हातानं बघायचं, आणि वजरीही नको.

तुझ्या नडग्यांवर जाळीसारखे तांबूस डाग आहेत ते शेकोटीचे. रात्रीच्या लायनीवर, म्हणजे वीज येते तेव्हा, ओलित करून आलास की पाय धू, कोरडे कर, तेल लाव, पण आगीत पाय घालून बसू नको. मलम मुरलेली शाल जाळाजवळ भडकन पेटते, हेही ध्यानात ठेव. घोंगडी टोचते, खाली सुती चादर घे.

दुकानदार न विचारता नळी देईल, तिच्यावर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल (दोन्ही स्टेरॉइड) लिहिलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नको. खाज चटकन थांबते, पण कातडी पातळ होते आणि गजकर्ण असलं तर ओळखू न येता पसरतं. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात दोघा-तिघांना एकदम, तर ती खरूज. औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं. आणि एखादा चट्टा कोरडा, फिकट असून तिथे कापसाचा बोळा फिरवलेला कळत नसेल, तर तेल चोळत बसू नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखव. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याची औषधं तिथे मोफत मिळतात.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
बंडू