बिघाड आमच्या गावच्या लाईनचा नाही, आपल्या केबलचा आहे

दिनांक : 17 मार्च 2025
ता. लाखांदूर, जि. भंडारा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : होम म्युझिक सर्व्हर संचातील सदोष केबल, दुरुस्ती अहवालातील चुकीचा शेरा आणि झालेल्या नुकसानीबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा ‘घरगुती म्युझिक सर्व्हर’ हा संच मी डिसेंबरमध्ये ऑनलाइन मागवला. किंमत 13,900 रुपये, पूर्ण रक्कम आगाऊ भरली. जानेवारीत तो बंद पडला, दुरुस्तीला पाठवला, आणि तीन आठवड्यांनी परत आला तो या शेऱ्यासह : ‘ग्राहकाकडील अनियमित वीजपुरवठ्यामुळे बिघाड. वॉरंटी लागू नाही.’ वर 2,350 रुपये दुरुस्ती खर्च. तो मी भरला, कारण भरल्याशिवाय पार्सल सुटत नव्हते. हा शेरा खोटा आहे. तो खोटा का आहे, हे मी मोजून पाहिले आहे आणि तेच या पत्रात लिहीत आहे.

आधी हा संच कशासाठी घेतला ते सांगतो. माझ्या वडिलांनी 1981 साली गावात लाऊडस्पीकरचा धंदा सुरू केला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये चालतात. वडील माइक, भोंगे, अॅम्प्लिफायर घेऊन जायचे आणि जिथे जातील तिथले टेपवर भरून आणायचे. अशा 214 कॅसेट घरात होत्या. काही साठ मिनिटांच्या, बऱ्याच नव्वदच्या. त्यातले बरेच कलावंत आता हयात नाहीत, आणि त्यांचे दुसरे रेकॉर्डिंग कुठेही नाही. दोन हिवाळे बसून मी त्या एक-एक करून संगणकात उतरवल्या. एमपी3 केल्या नाहीत, फ्लॅकमध्ये ठेवल्या, कारण फ्लॅकमध्ये आवाजातले काही कापले जात नाही आणि जागाही मूळ फाईलच्या साधारण निम्मीच लागते.

वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मोबाईल त्यांना जमत नाही. ओसरीवर एक स्पीकर, स्वयंपाकघरात आईजवळ एक, आणि दोन्हीकडे एकाच वेळी तीच दंडार लागावी एवढीच माझी इच्छा होती. आपल्या संचात रास्पबेरी पाय 4 या तळहाताएवढ्या संगणक-बोर्डाचा मुख्य डबा, एक टीबीची हार्ड डिस्क, आणि खोल्यांसाठी त्याच जातीच्या लहान झिरो 2 डब्ल्यू बोर्डाचे दोन वायरलेस रिसीव्हर आहेत. आत लिरियन म्युझिक सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर टाकलेले आहे. मांडणी चांगली आहे, हे मी मनापासून सांगतो. पहिल्या रात्री ओसरी आणि स्वयंपाकघर दोन्हीकडून ढोलकी एका ठेक्यात आली. आई भाकरी थापायची थांबली आणि वडील नुसते ऐकत बसले. म्हणूनच पुढचे जास्त लागले.

पहिले आठ-दहा दिवस डिस्कवर थोड्याच फाईली होत्या. मग मी उरलेल्या कॅसेट नेटवर्कवरून डिस्कवर टाकायला घेतल्या आणि त्याच वेळी सर्व्हरने नव्या गाण्यांची नोंद घ्यायला सुरुवात केली. थोड्या वेळाने डिस्कमधून टक्, टक् असा आवाज येऊ लागला. डब्यावरचा लाल दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. स्पीकर मुके झाले. पुन्हा चालू केल्यावर मेमरी कार्डावरून डबा सुरूच होईना.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पहिल्यांदा सांगितले, ‘राऊटर 5 गिगाहर्ट्झवर ठेवा.’ झिरो 2 डब्ल्यू फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. ही गोष्ट आपल्याच रिसीव्हरची आहे. शिवाय आमच्या घराच्या भिंती दीड फूट मातीच्या आहेत, 5 गिगाहर्ट्झ त्यातून नीट जातही नाही. दुसऱ्या फोनवर पत्ता विचारला. गाव, तालुका सांगितल्याबरोबर उत्तर आले, ‘सर, तुमच्याकडे लाईटचा प्रॉब्लेम असतो ना, त्यानेच गेलं असेल.’ अजून डबा उघडलासुद्धा नव्हता. निदान पत्त्यावरून झाले, आणि तेच पुढे अहवालात छापून आले.

आमच्याकडे लाईन कमी-जास्त होते, हे मी नाकारत नाही. उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली की एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्या मोटारी चालतात आणि संध्याकाळी घरातला दाब उतरतो. मी पंधरा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ मीटर लावून वहीत लिहिले. सर्वात कमी 184 व्होल्ट, सर्वात जास्त 238. आता आपल्या अॅडॅप्टरच्या पाठीवर काय छापले आहे ते पाहा : इनपुट 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ. म्हणजे आमच्या गावची सगळ्यात वाईट संध्याकाळसुद्धा आपण स्वतः लिहून दिलेल्या मर्यादेच्या आतच आहे.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. साउंड सर्व्हिसचा इन्व्हर्टर घरात आहे. मेन स्विच पाडून पूर्ण संच बॅटरीवर चालवला, गावच्या लाईनचा संबंधच तोडला. मल्टिमीटरची लाल तार बोर्डाच्या 2 नंबरच्या पिनला आणि काळी 6 नंबरच्या पिनला लावली. तिथे थेट कळते की बोर्डापर्यंत किती व्होल्ट पोहोचले. काहीही वाजत नसताना 4.92. मग सर्व्हरला सगळी गाणी पुन्हा तपासायला लावली. डिस्क फिरायला लागली आणि काटा 4.6 च्या खाली आला, 4.51 वर टेकला, आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल दिवा विझला. रास्पबेरी पायला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा पुरवठा लागतो. व्होल्टेज साधारण 4.63 च्या खाली गेले की बोर्ड स्वतः इशारा देतो आणि लाल दिवा विझतो, तो यासाठीच. बोर्डाला आज्ञा देऊन आतूनही विचारले. उत्तर 0x50005 या संकेतात आले. याचा अर्थ, या क्षणी व्होल्टेज कमी आहे, वेग कापला गेला आहे, आणि चालू केल्यापासून हे आधीही घडले आहे.

मग त्याच वेळी अॅडॅप्टरच्या तोंडाशी मोजले. तिथे 5.04. म्हणजे अॅडॅप्टर ठीक आहे. अर्ध्या व्होल्टहून जास्त आपल्या दीड मीटरच्या यूएसबी केबलमध्येच मुरतो आहे. धंद्यातला माणूस हे चटकन ओळखतो. भोंग्याला लांबवर बारीक वायर टाकली की अॅम्प्लिफायर कितीही चांगला असो, आवाज पडतो. वडिलांनी हे मला दहाव्या वर्षी शिकवले आहे. केबल सोलून पाहिली. बाहेरून जाड, आत तांबे दोन-चार केसांएवढे. जाडी सगळी प्लास्टिकची. त्यात हार्ड डिस्कही त्याच बोर्डाच्या यूएसबीतून वीज ओढते. रास्पबेरी पाय 4 च्या चारही यूएसबी तोंडांना मिळून 1.2 अँपिअरच मिळते. फिरणारी डिस्क सुरू होताना त्यातला मोठा भाग एकटीच खाते. अशा संचात केबल चांगलीच लागते, आणि खरे तर डिस्कला वेगळा पुरवठा असलेला यूएसबी हब द्यायला हवा होता.

शेवटची खात्री म्हणून नागपूरला सीताबर्डीवरून जाड तांब्याची, आखूड केबल आणली. त्याच घरात, त्याच लाईनवर, त्याच संध्याकाळच्या वेळेला लावली. आज बाविसावा दिवस आहे. दिवा एकदाही विझलेला नाही. बोर्डावर डिस्क फिरत असताना 4.97 मिळते. केबलची किंमत 280 रुपये.

आता नुकसानीबद्दल. कॉपी चालू असतानाच डिस्क तुटत राहिल्यामुळे त्या रात्री टाकलेल्या सात कॅसेटच्या फाईली खराब झाल्या. बाकीच्या 207 ची प्रत संगणकात होती, ती शाबूत आहे. या सातांची दुसरी प्रत निघाली नव्हती. संगणकात जागा संपली होती म्हणून त्या मी थेट हलवल्या. तेवढी चूक माझी आहे आणि ती मी मान्य करतो. पण त्यातल्या पाच टेपा पुन्हा वाजवता आल्या. दोन नाही. एकीची पट्टी उतरवतानाच हेडवर तपकिरी भुकटी सोडत होती. आता ती लावली की नुसती खरखर येते. ती 1987 च्या मंडईतली टेप आहे. त्यात माझे आजोबा दंडारीत गातात. आजोबांचा आवाज आमच्या घरात याच एका पट्टीवर होता. डिस्कवर त्या फाईलचे नाव दिसते, आकार शून्य दाखवतो. वडील रोज संध्याकाळी विचारतात, ‘बाबाची लागली का?’

नागपूरच्या एका डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्क पाहून 6,500 रुपये सांगितले आहेत. फाईल निघण्याची आशा आहे म्हणतो, खात्री देत नाही.

अजून एक मुद्दा, थोडक्यात. खोक्यावर ‘इंटरनेटशिवाय चालते’ असे लिहिले आहे. इंटरनेट गेले की आपले अॅप ओटीपी मागते आणि उघडत नाही. गाणी घरातल्या डिस्कवर, राऊटर घरातला, स्पीकर घरातले, आणि परवानगी बाहेरून. ब्राउझरमध्ये डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता आणि पुढे :9000 टाकले की सगळे अॅपशिवाय वाजते, हे मी स्वतः शोधले. ते आपल्या माहितीपत्रकात एका ओळीत का छापता येत नाही? माझ्यासारख्या तारा जोडणाऱ्याला जमले, सगळ्यांना जमेल असे नाही.

माझ्या मागण्या अशा. दुरुस्ती अहवालातला वीजपुरवठ्याचा शेरा लेखी मागे घ्यावा आणि घेतलेले 2,350 रुपये परत करावेत. केबलचे 280 रुपये द्यावेत. डिस्कच्या रिकव्हरीचा 6,500 रुपयांचा खर्च आपण उचलावा, फाईल निघो किंवा न निघो. आणि त्याच केबलसह संच घेतलेल्या बाकी ग्राहकांना स्वतःहून चांगली केबल पाठवावी. त्यातले बरेच जण माझ्यासारखे खेड्यातले असतील. त्यांनाही ‘तुमच्याकडे लाईटचा प्रॉब्लेम आहे’ असेच सांगितले जात असेल, आणि मल्टिमीटर सगळ्यांच्या घरी नसतो.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निराकरण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे, हे आपणास माहीत आहेच. त्या मुदतीत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यासाठी मला आपल्या शहरात यावे लागणार नाही. पण आयोगापर्यंत जाण्याची माझी इच्छा नाही. आपल्याकडचा कोणी तंत्रज्ञ माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बसला तर मी त्याच्यासमोर जुनी केबल लावून, काटा 4.51 वर उतरताना दाखवायला तयार आहे. संध्याकाळी सहानंतर केव्हाही. तेव्हा आमच्याकडे दाब सगळ्यात कमी असतो, त्यामुळे लाईनचीही परीक्षा त्याच वेळी होईल.

जुनी केबल मी जपून ठेवली आहे. ती मागितल्यास रजिस्टर पोस्टाने पाठवीन, पण आपल्या लेखी पोचेवरच.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)

सोबत : बिलाची प्रत, दुरुस्ती अहवालाची प्रत, पंधरा दिवसांच्या व्होल्टेज नोंदी, मल्टिमीटरचे चार फोटो, सोललेल्या केबलचा फोटो, रिकव्हरीचे अंदाजपत्रक.