शंभर येनच्या नाण्यांची थैली

शेजारच्या ओबासान,

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय, कारण माझ्या जपानीची मजल अजून ‘प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी?’ इथपर्यंतच आहे. पहिल्या दिवशी मी तुम्हाला ‘ओबाआसान’ म्हटलं होतं. एका दीर्घ स्वरापायी मावशीची आजी झाली आणि तुम्ही हसून सोडून दिलंत. त्याचेही आभार राहिलेच होते.

परवा सकाळी टोकियोतल्या शिंजुकूहून माझी फुजी डोंगराची बस. सॅक तीनदा भरून तीनदा उपसलीय. झोप लागत नाही.

जूनमध्ये लिफ्टपाशी मी काय तोऱ्यात होते! मी नाशिकची, कळसूबाई चारदा केलेलं, फुजी म्हणजे काय मोठंसं? कळसूबाई १,६४६ मीटर. फुजी ३,७७६. बस जिथे सोडते तो पाचवा टप्पाच सुमारे २,३०० मीटरवर, म्हणजे माझा चढ सुरू होणार तो कळसूबाईच्या डोक्याच्याही साडेसहाशे मीटर वरून. त्यात माझा बेत असा, की मुक्काम न करता रात्रभर चढायचं आणि सूर्योदय बघून उतरायचं. तुम्ही दोन्ही हातांची फुली केलीत. ‘दामे!’ असल्या चढाईला तुमच्याकडे ‘बंदुकीची गोळी’ म्हणतात आणि ते काही कौतुकाने नाही, हे तेव्हा कळलं. २०२५ पासून, डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीत जागा राखली नसेल तर दुपारी दोन ते पहाटे तीन वाटच बंद असते, हेही तुम्हीच सांगितलंत. माझी स्वारी चढाईच्या शुल्काचे चार हजार येन हातात घेऊन फाटकाशी बसली असती.

मग तो फोन. समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माझं जपानी पार आटतं. तुम्ही माझ्यासाठी आठव्या टप्प्यावरच्या झोपडीला फोन लावलात, जागा मिळवलीत आणि जेवणाची चौकशी सुरू केलीत. करी-राईसमध्ये मांस आहे का? आहे. सूपमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क? आहे. भाजी? तिलाही दाशीच. वीस मिनिटं तुम्ही फोनवर वाकून वाकून बोलत होतात आणि मी शरमेने अर्धी झाले होते. शेवटी तिकडून निरोप आला, की स्वतःचं आणा, गरम पाणी देऊ. माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फुजीवर जायची परवानगी अशी मिळाली.

सॅक तपासायलाही आलात. सुती टी-शर्ट बाहेर काढलेत, भिजले की वाळत नाहीत म्हणून. पोंचोही गेला, वर वारा खालूनही येतो म्हणे. त्याऐवजी तुमच्या लेकीचा रेनकोट-पँटचा जोड आला. ऑगस्टमध्येही शिखरावर सरासरी सहाच अंश असतात, म्हणून लोकरी टोपी. उतरताना पिवळ्या पाट्या धरायच्या, आठव्या टप्प्याच्या फाट्यावर लाल पाटीमागे गेलं की डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरतो, हे तुम्ही रंगीत पेन्सिलींनी काढून दिलंत. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घातलाय.

१८७२ पर्यंत बायकांना शिखरावर बंदी होती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा चहा चालला होता. आणि डोंगराची देवता कोण, तर कोनोहानासाकुया-हिमे, एक बाईच! देवी चालते, बाई चालत नाही. ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

तो मंत्रही पाठ केलाय, ‘रोक्कोन शोजो’. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन शुद्ध होवोत. आमच्याकडे वारीत ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या ठेक्यावर पाय पडतात; दमले की दोन्ही आलटून पालटून म्हणेन.

आणि ती थैली. वरच्या स्वच्छतागृहात दर खेपेला दोन-तीनशे येन लागतात, सुटे कोणी देत नाही, म्हणून जूनपासून तुम्ही बाजारातून आल्यावर शंभरची नाणी बाजूला टाकत होतात. तेवीस निघाली. मी नोटा पुढे केल्या तर परत फुली. उरतील ती आणून देईन.

दशम्या उद्या रात्री करणार आहे. तुमच्यासाठी चार जास्तीच्या करून डबा दाराच्या मुठीला अडकवून जाईन. चटणी तिखट आहे, जरा जपून.

तुमची शेजारीण