चिऊ, फॉर्मचं काय झालं

प्रिय चिऊ,

रविवारी फोन आपटलास. आई काही बोलली नाही, पण दोन दिवस चहात साखर विसरतेय. मी ठरवलंय, टीईटीचा, म्हणजे तुझ्या त्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, विषय काढायचा नाही. पिल्लूचा खोकला गेला का?

तुझा राग मला कळतो गं. तू 2011 ला शाळेत लागलीस तेव्हा आपल्याकडे ही परीक्षाच नव्हती, पहिली झाली 2013 ला. एवढी वर्षं पहिलीची पोरं वाचायला शिकवलीस, वर निवडणुकीच्या कामाला बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन चाळींचे जिने चढलीस, आणि आता म्हणे पात्रता सिद्ध करा. पण नोकरीतल्यांनीही टीईटी पास व्हायलाच हवं, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल 1 सप्टेंबर 2025 चा आहे, मुदत दोनच वर्षं. रिटायर व्हायला पाच वर्षांहून कमी राहिली त्यांची नोकरी पास न होताही राहते, पण प्रमोशन हवं तर त्यांनाही पास व्हावं लागतं. तुझी तर 17 उरलीत. नोव्हेंबरची परीक्षा सोडलीस, आता पुढची तरी... बघ, काढलाच विषय.

मी कंडक्टर माणूस, मला बालमानसशास्त्र काय कळणार. पण हिशोब कळतो. 150 पैकी 90 हवेत आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

खरं सांगू? आईला शाळेत शिकवायला लागून 12 वर्षं झाली तेव्हा वरिष्ठ श्रेणीचं, म्हणजे वरच्या पगारासाठीचं ट्रेनिंग मे महिन्यात लागलं होतं, आणि तेव्हाच गावाला काकाचं लग्न. मीच म्हणालो, पुढच्या वर्षी कर. पुढच्या वर्षी तुझी कावीळ, मग तिचं नावच यादीत आलं नाही. किती वर्षं कमी पगारावर राहिली ती, मला एका शब्दाने बोलली नाही. आणि रविवारी तू अगदी तेच म्हणालीस, पुढच्या वेळी बघू.

परवा घाटकोपरला एक बाई थांबली, म्हणाली तुम्ही आमच्या बाईंचे बाबा ना, पोरगा आता पाटी बघून स्टेशनं वाचतो. मी घरी येऊन आईला तीनदा सांगितलं.

दादरहून टीईटीच्या पेपर एकची, म्हणजे पहिली ते पाचवीवाल्यांच्या पेपरची, दोन पुस्तकं आणलीत, फाटकी आहेत पण मागे उत्तरं आहेत. शनिवारी घेऊन येतो. पिल्लूला बागेत मी नेतो, तू दोन तास बस. भाजी करू नकोस, आई डबा देणार आहे.

बाबा