मच्छरदाणीचं बोलणार नाही

म्हसरूळ, नाशिक
भाऊबीज, ३ नोव्हेंबर २०२४

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोन तू ठेवलास की रेंज गेली? मी ठरवून टाकलंय की रेंज गेली. बाबांनाही तसंच सांगितलं. दादा पाटावर बसून राहिला होता, शेवटी मोठ्या मावशीची धाकटी येऊन ओवाळून गेली. तुझी ओवाळणी त्याने वेगळी काढून ठेवली आहे, तुझ्या जॉमेट्री बॉक्समध्ये. का तिथेच, ते त्यालाच विचार.

तू एवढंच म्हणाली होतीस, "खोलीतल्या एकीला ताप आहे, झोपलीय, म्हणून हळू बोलते." आणि मी सुरू झाले. कितवा दिवस, थंडी वाजून येतो का, रक्त तपासलं का. चौथा प्रश्न ओठावर होता तोवर तू म्हणालीस, "आई, मी इथे गडचिरोलीला डॉक्टर व्हायला आलेय, तुझ्या तापाच्या सर्व्हेत नाही आले." खरं आहे तुझं. म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्रात मला कोणी मधेच तोडत नाही.

मच्छरदाणीबद्दल यात एक अक्षर लिहिणार नाही. नाशिक रोडच्या फलाटावर जे झालं तेवढं पुरे. तू ती बॅगेतून ओढून काढून दादाच्या हातात कोंबलीस, गाडी लागली, आणि मग विदर्भ एक्स्प्रेसमध्ये आपण दोघी समोरासमोरच्या बर्थवर. जळगाव गेलं, भुसावळ गेलं, दोघी जाग्या आणि दोघींचं झोपेचं सोंग. नागपूरच्या स्टँडवर तू माझ्यासाठी चहा आणलास तेव्हा मी मनातल्या मनात मिटवून टाकलं होतं. तू मिटवलंस की नाही कोण जाणे.

शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, "मनूची मुलाखत कशी झाली?" त्यांच्या पुतण्याची इंजिनिअरिंगनंतर नोकरीसाठी झाली ना, त्यांना वाटतं सगळीकडे असतेच. मी सांगितलं, अहो, यात मुलाखत नसते. नीट परीक्षेचे ७२० पैकी गुण, त्यावरून ऑल इंडिया रँक, मग राज्याची यादी, कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे आणि यादी लागेपर्यंत देवाला त्रास द्यायचा. पुण्याच्या एएफएमसीत, लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, तेवढी असते म्हणतात. काकू म्हणाल्या, "म्हणजे मुलीला न बघताच घेतलं?" मी हसले खरी, पण नंतर भांडी घासताना वाटलं, मुलाखत झाली होती की. कागदपत्र तपासणीच्या टेबलावर. त्या बाईंनी बारावीची मार्कशीट, डोमिसाइल, मेडिकल फिटनेस सगळं बघून झाल्यावर चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नाशिकची ना? राहशील इतक्या लांब?" अख्ख्या प्रवेशात तुला तोंडी विचारलेला एकच प्रश्न तो. आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "राहील हो."

ते चुकलं माझं. त्या क्षणी तुझा चेहरा बघितला होता मी. उत्तर तुझं होतं.

माझी मुलाखत मी तुला कधी सांगितली का? १९९६ साल, एएनएमच्या, म्हणजे गावोगावी फिरणाऱ्या नर्सच्या, ट्रेनिंगची निवड. दीड वर्षाचा कोर्स आणि वर स्टायपेंड, म्हणून आमच्या गावातून तिघी गेलो होतो. टेबलामागे तीन जण. दोघांनी शिक्षणाचं विचारलं. तिसऱ्या बाई, बहुतेक मेट्रन असाव्यात, त्यांनी विचारलं, "रात्री दोन वाजता पाड्यावर बाळंतपण अडलं, तर एकटी जाशील?" मी म्हणाले, "जाईन." बाहेर तुझे आजोबा चिंचेखाली पिशवी धरून उभे होते. जळगावची बस आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला माणूस. मी येऊन सांगितलं काय विचारलं आणि काय बोलले, तर ते घरी येईपर्यंत गप्प. रात्री जेवताना म्हणाले, "निदान कंदील तरी सरकारी देतील का?" आणि मी त्यांच्यावर खेकसले होते, आठवतंय मला. शब्द वेगळे होते, पण सूर तुझाच सकाळचा. जाऊ दे.

एक गोष्ट बाबांनी सांगू नको म्हटलंय, तरी लिहिते. पाच गुण. ४ जूनला निकाल लागला तेव्हा तुझी रँक बघून आपण पेढे वाटले. मग ग्रेस मार्क, फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट, रोज रात्री टीव्हीसमोर आपण चौघं. २६ जुलैला सुधारित निकाल आला आणि फिजिक्सच्या त्या एका प्रश्नाने तुझे पाच गुण काढून नेले, चार मिळालेले आणि एक उलटा. तुझ्यासारखी लाखो मुलं होती त्यात. ज्यांनी जुन्या पुस्तकातलं वाक्य पाठ केलं होतं ती. ते जुनं पुस्तक ताईकडून मी आणलं होतं. "धडे तेच आहेत गं, कशाला पैसे घालवायचे," असं म्हणून मीच कव्हर घालून दिलं. तू कधी बोलली नाहीस. एकदा तरी बोलायला हवं होतंस. नाशिकची यादी थोडक्यात हुकली तेव्हा तू उठून आतल्या खोलीत गेलीस आणि पाच मिनिटांनी येऊन म्हणालीस, "गडचिरोली आहे ना चौथ्या नंबरला, बघू." मी त्या रात्री कपाटातलं ते पुस्तक रद्दीत टाकलं. दुसऱ्या दिवशी परत काढून आणलं.

गंमत बघ. तुझी डिग्री देणार आरोग्य विद्यापीठ. ते दिंडोरी रोडला, आपल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तुझे पेपर इथून निघणार आणि तू आठशेच्या वर किलोमीटर लांब. ९ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी ऑनलाइन दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन केलं, त्यात नाशिकही होतं आणि गडचिरोलीही, एकाच बटणावर. बाबांनी तेव्हापासून नकाशा भिंतीला लावलाय. म्हणतात, ब्रह्मपुरीनंतर आपण जो पूल ओलांडला ती वैनगंगा, ती वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ आपल्या गोदावरीला मिळते. "म्हणजे रामकुंडातलं पाणी पोरीच्या जिल्ह्यात जातंच," असं प्रत्येक येणाऱ्याला सांगतात. मी म्हटलं, पाण्याचं काय घेऊन बसलात, साठलेल्या पाण्यात काय होतं ते मला विचारा. बघ, आलाच विषय.

नवीन कॉलेज म्हणून लोक काय काय बोलतात ते मी ऐकून घेते. पहिलीच बॅच, सिनिअर नाहीत, नोट्स कोण देणार, प्रोफेसर मिळतात का तिकडे. मोठे काका तर म्हणाले, वर्षभर थांबून रिपीट केलं असतं तर. मी त्यांना म्हटलं, जिल्हा रुग्णालय जुनं आहे, पेशंट जुने आहेत, कॉलेजचीच पाटी नवी आहे. पेशंटच डॉक्टर घडवतो, हे मी अठ्ठावीस वर्षांत बघितलं. भर गर्दीच्या ओपीडीत शिकलेली पोरं आमच्या पीएचसीला, प्राथमिक आरोग्य केंद्राला, बाँडच्या सरकारी सेवेवर यायची, त्यांचा हात थरथरायचा नाही. आणि मोठ्या नावाच्या कॉलेजातून आलेला एक जण साधी सलाईन लावताना माझ्याकडे बघायचा. (नाव सांगणार नाही, आता पुण्यात मोठा सर्जन आहे.) सिनिअर नसतील तर वॉर्डातल्या सिस्टरांना विचार. त्यांना "मॅडम" नको म्हणूस, "सिस्टर" म्हण, आणि विचारण्याआधी हातातलं काम होऊ दे त्यांचं. त्या शिकवतील.

तुमच्या अभ्यासक्रमात आता पहिल्याच वर्षी गावातली कुटुंबं दत्तक देतात ना, ते वाचून मला इतकं बरं वाटलं. माझं काम ते! म्हणजे तू जाणार घरोघरी. तर ऐक. दारातून आधी आवाज द्यायचा. बस म्हटल्याशिवाय खाटेवर बसायचं नाही. पाणी दिलं तर घोटभर तरी घ्यायचं, शंका आली तरी. नंतरचं नंतर बघू. पहिल्या भेटीत वही उघडायची नाही. शेळीचं, भाताचं, पोराच्या शाळेचं विचारायचं. ताप, जुलाब, पाळी यांना तिकडे काय म्हणतात ते पहिल्या आठवड्यात शिकून घे, गोंडीत, माडियात. मी पेठला असताना कोकणा बोली शिकले तेव्हा बायका खरं सांगायला लागल्या. आणि सांजवेळी गावात थांबायचं नाही, अंधारापासून पहाटेपर्यंतच मलेरियाचा डास चावतो, पूर्ण बाह्यांचा ड्रेस, आणि पायात

थांबते. भाषण झालं. तू डोळे फिरवतेयस ते इथून दिसतंय. माफ कर. तू तिथे शिकायला गेली आहेस, माझ्या सर्व्हेच्या वहीत सही द्यायला नाही.

पण एक सांगू का? आमच्या नोकरीचं सर्वांत चांगलं शिक्षण गडचिरोलीहून आलेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने तिथल्या खेड्यांत साध्या शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, १९९९ साली ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. महिन्याच्या आतले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले होते. २०११ नंतर देशभरच्या आशा सेविकांना तेच शिकवायचं ठरलं आणि आमच्या आशांच्या ट्रेनिंगला मी उभी राहिले. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. तू लहानपणी हे पाढ्यासारखं म्हणायचीस, आठवतं? तुला वाटायचं सातचा पाढा चुकलाय आणि आई चुकीचा शिकवतेय. त्या ट्रेनिंगच्या चार्टवर गाव लिहिलेलं असायचं, गडचिरोली. मी कधी नकाशात बघितलंसुद्धा नव्हतं. आता आमच्या पीएचसीत सगळ्यांना माहीत आहे, आमच्या बाईंची मुलगी तिथे एमबीबीएसला आहे. शिपाईदादांनी तर बोर्डावर लिहिलं होतं खडूने. मेडिकल ऑफिसरने दोन दिवस पुसू दिलं नाही.

आता अण्णामामाचं लिहिते. तुला माहीत आहे, पण काचेचं माहीत नाही.

तो जंगलातल्या रस्त्याच्या कामावरून आला तेव्हा अंगात ताप होता. कामावरच्यांनी पॅरासिटामॉल दिली होती, तीन दिवस तेवढीच. घरी आला तर मी रजेवर होते. मीच त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला टोचलं, रक्ताची काच केली, जाड लेप, पातळ लेप, नंबर टाकला. तेव्हा जागेवर तपासायची किट नव्हती. काच तालुक्याला जायची आणि रिपोर्टची वाट बघायची. तोवर नियमाप्रमाणे क्लोरोक्विनच्या चार गोळ्या, गृहीत उपचार. मी मोजून दिल्या त्याला. हसत होता, म्हणाला, "ताई, फुकटची सरकारी गोळी, गुण येईल का?" चौथ्या दिवशी त्याने मला ओळखलं नाही. रिपोर्ट आला तो तेराव्याला. पीएफ, म्हणजे जीवघेणा मलेरिया. माझ्याच अक्षरातला नंबर होता त्यावर.

आता तसं नाही, मला माहीत आहे. पंधरा-वीस मिनिटांत किटवर रेघ दिसते, तीन दिवसांचा एसीटी गोळ्यांचा कोर्स, वर प्रायमाक्विन. वेळेत कळलं तर माणूस चालत घरी जातो. मी स्वतः कितीतरी जणांना दिलंय. तरी ताप हा शब्द ऐकला की माझा हात बोटाला टोचायची सुई शोधायला लागतो. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नाही गं.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. डास चावल्यापासून ताप यायला साधारण दहा ते चौदा दिवस. ती ताप आलेली लातूरची मुलगी तुझ्यासोबतच आली ना? हिशोब करणार नव्हते. केला.

डेंग्यू तर नाशकातही आहे, हे तू म्हणणारच. आहे. त्याचा डास दिवसाचा चावतो, हा रात्रीचा.

पार्सल उद्या स्पीड पोस्टाने निघेल. वरच्या डब्यात करंज्या, खालच्यात कोंडाजीचा चिवडा आणि माझा घरचा, दोन्ही वेगवेगळ्या पिशवीत, मैत्रिणींना आधी कोंडाजीचा दे. दादाने जॉमेट्री बॉक्स घातलाय. डब्याच्या खाली जुन्या साडीत गुंडाळून दोन वस्तू आहेत, एक तुझी आणि एक त्या लातूरच्या मुलीची. निळी तिला दे, तिची थोडी मोठी आहे. दोऱ्या शिवून दिल्या आहेत, खिळे ठोकायला लागणार नाहीत, खाटेच्या दांड्यांना बांधता येतात. कडा गादीखाली खोचायच्या. नाही वापरली तरी चालेल, उशीखाली ठेव.

तिच्या आईला माहीत आहे का ताप आहे ते? नसेल तर माझा नंबर दे तिला. मी घाबरवणार नाही, नीट बोलेन.

आणि ताप कितव्या दिवशी आला, रक्त कधी तपासलं, एवढं दोन शब्दांत मेसेज कर. फोन नको करूस, अभ्यास कर.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारताहेत, वैनगंगेला पाणी किती आहे.