साचा मापाचा, सांधा नेहमीचाच

मा. संपादक,
महोदय,

गुडघ्याचा सांधा बदलून घेण्यासाठी सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत शेजारच्या जिल्ह्यांतूनच नव्हे, तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. गेल्या वर्षी आईला अशाच एका दवाखान्यात नेले असता, तेथील समुपदेशकाने तिच्या हाडाचा पांढरा नमुना व त्यावर घट्ट बसणारा ठोकळा तिच्या हातात दिला आणि ‘आजी, हा खास तुमच्या मापाचा,’ असे सांगितले. आई तो ठोकळा उलटसुलट करून पाहत राहिली. हाच आपल्या पायात बसणार, अशी तिची समजूत झाली आणि ती कोणी दूर केली नाही. खर्चाच्या अंदाजपत्रकात मात्र रक्कम वाढली होती.

वास्तविक तो ठोकळा म्हणजे हाड कापण्याचा साचा. सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरून आराखडा आखून तो थ्रीडी प्रिंटरवर तयार करतात, छेदाची जागा ठरली की काढून टाकतात. आत बसणारा सांधा सहसा ठरावीक मापांतलाच असतो. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून आणि नडगीला बाहेरून मोजणीचे साधन लावून हेच छेद घेतले जातात. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या झाल्या असून, साच्यामुळे वेळ व रक्तस्राव थोडा वाचला तरी वेदना आणि चालण्या-फिरण्यात रुग्णाला जाणवेल असा फरक एकंदरीत दिसलेला नाही. शिवाय आराखडा ऐनवेळी बदलावा लागू शकतो, म्हणून नेहमीची हत्यारे तयार ठेवावीच लागतात.

साचा निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. मांडीचे हाड पूर्वी मोडून वाकडे जुळले असेल किंवा आत जुनी सळई असेल, तर तो खरोखर उपयोगी पडतो. पण मग हे कारण रुग्णाला सांगायला हवे.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली व कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा सांधा जीएसटी वगळून 54,720 रुपयांवर आला. ही मर्यादा सांध्याच्या भागांवर घातली गेली, साच्यावर नव्हे. म्हणून साच्याचा व त्यासाठीच्या स्कॅनचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा आणि तो साचा आहे, सांधा नव्हे, हे संमतिपत्रावर मराठीत स्पष्ट लिहावे, अशी जिल्ह्यातील दवाखान्यांना व आरोग्य प्रशासनाला माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली