‘गॉब्लिन’ला निखळ कसं म्हणायचं?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोरियन मालिकांवरचा लेख वाचला. त्यात ‘गॉब्लिन’ला ‘निखळ प्रेमकथा’ म्हटलं आहे. बाकी लेखाबद्दल तक्रार नाही, पण त्या एका शब्दापाशी मी आठवडाभर अडले आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका. 32 वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलं. माझी नात यंदा बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला धरून बसवलं आणि या मालिकेचे सोळाही भाग दाखवले. खालची इंग्रजी अक्षरं मला वाचून होईपर्यंत पळालेली असायची, त्यामुळे निम्मी गोष्ट तिच्या तोंडून ऐकली. 2016च्या डिसेंबरात ही मालिका तिकडे टीव्हीएन या केबल वाहिनीवर सुरू झाली. शेवटच्या भागाच्या प्रेक्षकांची टक्केवारी वीसच्या पुढे गेली होती आणि केबलवरच्या मालिकेला तोवर एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते. लोक का खिळले असतील, ते दुसऱ्याच भागात कळलं. मीही खिळले.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोरियातल्या जुन्या गोर्यो राजवटीच्या काळातला सेनापती किम शिन लढाई जिंकून परततो. कुणीतरी राजाचे कान भरलेले असतात, आणि सेनापती स्वतःच्याच तलवारीला बळी पडतो. देव त्याला दोक्केबी, म्हणजे तिकडच्या लोककथांतलं भूत, करून ठेवतो; नावातला ‘गॉब्लिन’ तो हाच. मरण नाही, आणि तलवार छातीत तशीच. ती फक्त त्याच्या वधूला दिसणार, तीच उपसणार, आणि उपसली की हा नाहीसा होणार. आपला अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत दारोदार फिरतो. हा सोलमध्ये मोठ्या घरात उंची कोट घालून राहतो. (कोरियन लोककथांतला दोक्केबी म्हणे जुन्या केरसुणीतून उपजतो आणि वाटसरूला कुस्तीला बोलावतो. त्याचा गाँग यू नावाचा असा देखणा नट करून टाकलेला पाहून तिकडच्या आज्या काय म्हणाल्या असतील?)

मला धरून ठेवलं ते यमदूताने. त्याची एक चहाची खोली आहे. मेलेलं माणूस तिथे येऊन बसतं, तो समोर पेला ठेवतो, आणि तो चहा प्यायला की सरलेला जन्म विसरायला होतं. विसरणं ही देवाची दया आहे, असं तो समजावतो. पापी माणसाला मात्र चहा मिळत नाही, त्याने सगळं लक्षात ठेवून पुढे जायचं. वर्षश्राद्धं आणि पिंडदान पाहत वाढलेल्या मला मरणाबद्दल इतकं साधं आणि नवं काही ऐकून फार दिवस झाले होते. जन्माची देवी साम्शिनही आहे. ही थेट आपली सटवाईच! कधी म्हातारी होऊन रस्त्याकडेला भाजी विकते, कधी लाल कपड्यांतली तरुण बाई होऊन फिरते.

या साम्शिनचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. नायिका उन-ताक अनाथ, मावशीच्या घरात छळ सोसलेली. वर्गशिक्षिकाही तिलाच बोल लावणारी. शाळेचं शिक्षण संपतं त्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांचे आईबाप फुलं घेऊन आलेले, हिचं कुणीच नाही. तेवढ्यात साम्शिन वर्गात येते, तिला पोटाशी धरते, आणि मग त्या बाईंकडे वळून म्हणते, बाळ, तुला याहून बरी शिक्षिका होता आलं नसतं का? बाईंच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागतं, का ते त्यांनाही कळत नाही. मला कळलं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वर्षभर मागच्या बाकावर एकटी बसायची, डबा आणायची नाही. मी तिला गृहपाठावरून रागावले, डब्याबद्दल कधी विचारलं नाही. नातीला मी सांगितलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय.

आता माझी अडचण. शिक्षिकेला हा प्रश्न विचारणारी मालिका तोच प्रश्न नायकाला का विचारत नाही? तो 939 वर्षांचा. ती कोरियन मोजणीने 19, म्हणजे आपल्या हिशेबाने 17-18, बारावीची परीक्षा द्यायची आहे. तिच्या जन्माआधी यानेच तिच्या आईचा जीव वाचवला. भुतं तिला लहानपणापासून ‘दोक्केबीची वधू’ म्हणत आली. राहायला छप्पर नाही, ते हा देतो. एवढं सगळं झाल्यावर ती त्याच्या प्रेमात पडली तर त्यात तिने निवडलं काय? तिची भूमिका करणारी किम गो-उन तेव्हा 25 वर्षांची होती हे नातीने लगेच शोधून दाखवलं. पण अंगात गणवेश शाळेचा आहे ना! माझ्या शाळेच्या फाटकाशी असा कुणी कोटवाला उभा राहिला असता, तर मी शिपायाला पाठवलं असतं.

पुढे नायक नऊ वर्षं नाहीसा होतो. परत येतो तेव्हा ती 29 वर्षांची आहे, रेडिओत नोकरी करते, स्वतःचं कमावते. त्या भागाला मी म्हटलं, आता जमलं. तर लग्न होतं न होतं तोच लहान मुलांना वाचवताना अपघातात ती जाते. पुन्हा जन्मून कॅनडातल्या क्युबेकमध्ये त्याच्यासमोर येते, ती परत गणवेशातच! माणसाला चार जन्म मिळतात असं हीच मालिका सांगते. वडाला सात जन्मांचे फेरे घालणाऱ्या आम्हा बायकांना चार कमीच वाटावेत, पण त्यातला एखादा तरी त्याने तिला तिशी ओलांडून भेटायला हवं होतं.

याउलट याच मालिकेतली सनी पाहा. चिकनचं दुकान चालवणारी, तोंडाने फटकळ. यमदूतावर जीव जडतो आणि मग मागचा जन्म आठवतो. ती राणी होती आणि हा तिला मरू देणारा राजा. प्रेम असूनही ती सांगते, या जन्मात मी तुला भेटणार नाही, हीच तुझी शिक्षा. आणि निघून जाते. प्रेमही तिचं आणि निर्णयही तिचाच.

नात म्हणते, आजी, ती परीकथा आहे, तू पेपर तपासल्यासारखी काय बघतेस. तिचंही खरं असेल. पण त्या शेवटच्या गणवेशापाशी तीही क्षणभर गप्प झाली होती, हे मी पाहिलं आहे. तेव्हा लेखकमहाशयांनी ‘निखळ’ तेवढा मागे घ्यावा. मालिका पाहावी असं त्यांनी लिहिलं आहे, त्याला माझी ना नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा